चोरून न बघता येणारा

दवाखान्यात औषधांच्या खिडकीपाशी नबीलाच्या हातून गोळ्यांची डबी निसटली, ती थेट बाकावरच्या तरुणाच्या पायाशी. तो वाकायला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"माझी पाठ वाकत नाही, तुमची मूठ मिटत नाही... आता ही उचलायची कुणी?"

कित्येक महिन्यांनी नबीलाला हसू आलं.

तो शादाब. काल्हेरच्या एका गोदामात हिशेबनीस. त्याच्या मणक्यांना सूज होती. पहाटे पाठ लाकडासारखी, चालल्यावर जराशी मोकळी. मानही वळत नसे, म्हणून नबीलाकडे बघायला तो अख्खाच वळे. "मला चोरून बघता येत नाही," तो म्हणाला.

नबीलाला सव्विसाव्या वर्षी संधिवात जडला होता. शरीराची राखण करणारी ताकदच सांध्यांवर उलटलीय, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. लग्न ठरलेल्या मुलाकडच्यांनी मात्र एवढंच ऐकलं, की हा म्हाताऱ्यांचा आजार. साखरपुडा मोडला. तेव्हापासून भरल्या घरात तिच्यासमोर लग्नाचा विषय कुणी काढत नसे, आणि शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात ती एकटीच बसून राही.

दर गुरुवारी दोघं त्याच दवाखान्यात व्यायामाला येत. मग लागोपाठ दोन गुरुवार शादाब आलाच नाही. बाक तोच, पण नबीलाला तिथं बसवेना. शेवटी तिनं फोन केला.

डोळा लाल झालाय, उजेड सोसत नाही, होईल बरा, असं तो म्हणाला. ही सूज डोळ्यातही उतरते, हयगय केली तर नजर जाते, हे तिनं डॉक्टरांकडून ऐकलं होतं. घरी भाभीला सांगून तिनं रिक्षा केली, त्याच्या घराशी जाऊन त्याला खाली बोलावलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना रिक्षा ट्रकांच्या रांगेत अडकली.

"का आलात?" त्यानं विचारलं.

"गुरुवारी मी तुमची वाट बघते... म्हणून."

तो अख्खाच तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "अम्मीला तुमच्या घरी पाठवू?"

"दोघंही आजारी. लोक हसतील, शादाब."

"पाठवू?"

नबीलानं डोळे पुसले.

"पाठवा... पण दुपारी. सकाळी माझ्या हातात चहाचा कप राहत नाही."