साखरबाईंचा तवा

विरजण देते गं सुवर्णा, बस की जरा. लाईट गेलीय, दिव्यापाशी सरक. तुझा पोरगा सार्थक निजलाय म्हणतीस, मग घाई कशाला? मी घडीघडी भिंतीवरच्या तव्याकडं का बघतीय ते सांगते. हसायचं असंल तर आधीच हसून घे.

माझ्या सासूबाई, साखरबाई, तुम्ही वरवंडात राहायला यायच्या आधीच गेल्या. काय बाई होती! आधी चुलीपुढं, मग गॅसपुढं सारा जन्म गेला. शेवटची आंघोळ घालताना बायकांनी हात उलटेपालटे करून बघितले, चटक्याचा एक डाग न्हाई. घरात एवढी पोरं रांगली, एकाला कधी वाफ लागली न्हाई. पदर खोचल्याबिगर त्या ओट्यापाशी उभ्या राहत नव्हत्या. झाकण काढलं की वाफ पलीकडं, आन् पातेल्याची दांडी कायम भिंतीकडं. मी विसरले की बोलायच्या न्हाईत, नुसती दांडी आत फिरवायच्या आन् माझ्याकडं बघायच्या. त्यापरीस शिव्या बऱ्या!

आन् तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायच्या न्हाईत. तो चर्र आवाज झाला की घरातलं माणूस जातं, म्हणायच्या. आमचा लोखंडी तवा त्यांनी जन्मभर आपसूक निवू दिला.

दिवाळीनंतरची गोष्ट. भर दुपारची येळ. सून पूनम कंपनीत, पोरगा हनुमंत रानात. नात तेजू निजलेली. मी दूध तापत ठेवलं आन् मागच्या दारी कपडे काढायला गेले. एकाएकी सगळं गप झालं, हायवेवरच्या गाड्यासुदिक ऐकू येईनात. आन् घरातून आवाज आला... चर्रर्र.

खोटं कशाला बोलू, भ्याच्या आधी रागच आला. कोण मेलं तव्यावर पाणी टाकतंय, म्हणत आत धावले. तेजू शेंगदाण्याच्या डब्यावर चढलेली, हात पातेल्याच्या दांडीला पोचलेला, दूध पार काठाला आलेलं. तिला उचलली आन् गॅस बंद केला.

ती भिंतीकडं बोट करून हसत होती. तवा खिळ्याला टांगलेला. सकाळच्या भाकरीनंतर गॅसवर चढलाच नव्हता. मी हात लावला... बोट पोळलं. वल्या कडेतनं वाफ निघत होती.

जिनं जन्मात तो आवाज होऊ दिला न्हाई, तिनं माझ्या नातीपायी आपला नेम मोडला. मी तिथंच हात जोडून रडले.

आन् आज, तू दार वाजवायच्या जरा आधी... परत वाजला.

मी धावले. गॅस बंद, ओटा पुसलेला. तेजू आईसंगं केडगावला आजोळी हाय. फोन लावला, तर मजेत खेळतीय म्हणाली पूनम. हनुमंत दौंडात, त्योबी बरा हाय. तवा मात्र खिळ्यावर तापलेला. जा, हात लावून बघ.

सासूबाई उगा आवाज करायच्या न्हाईत गं. कुठंतरी दांडी बाहेर राहिलीय, पण कुठं, तेच...

थांब. सुवर्णा. विरजण न्यायला आलीस, म्हंजी दूध... गॅसवर ठेवून आलीस? सार्थकापाशी कोण हाय?