तेलगावच्या काट्यावरचा माल

"फिरोजनं पार वाट लावली! संध्याकाळपर्यंत चालू झालं न्हाई तर त्याला घरी पाठवतो!" विजयसिंह फोनवर ओरडले आणि वैष्णवीचा चहा तसाच राहिला.

बीडमधल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे ते मालक; वैष्णवी आणि फिरोज तिथले प्रोग्रामर. तेलगावच्या ऊसकाट्याचा प्रोग्राम काल चालत होता. आज कंपायलरमधला टाइप चेकर, म्हणजे प्रोग्राममधले टाइप (प्रकार) जुळतात का ते आधीच तपासणारा भाग, त्याला पुढं सरकूच देईना.

वैष्णवी ऑफिसात पोचली ती वैतागूनच. प्रोग्राम चालण्याआधीच चेकर 'माप' नावाचं फंक्शन सोडवायचा. त्याला मालाचा टाइप दिला की वजनाचा टाइप मिळे. ऊस असेल तर टन, कापूस असेल तर क्विंटल. फिरोजनं काल तिसरी ओळ जोडली होती: बाकी सगळं किलो.

"आणखी कशाला हात लावलास?" तिनं फिरोजला विचारलं.

"न्हाई ताई. घाटनांदूरच्या व्यापाऱ्यांसाठी तेवढी ओळ टाकली. सरांनीच सांगितलंतं."

तिनं ती ओळच उडवली. चेकरची तक्रार जिथल्या तिथं! 'माप माल आणि टन एकच आहेत, हे ठरवता येत नाही.' तिला स्क्रीन फोडावीशी वाटली.

"काट्यावर ट्रॉली आली की ऊसच," मागून विजयसिंह करवादले. "तिथं कुणी इचारतंय का? एवढं या चेकरला कळंना!"

वैष्णवी गर्रकन वळली.

"सर, काट्याचं वजन टनात देणाऱ्या 'तोल' फंक्शनमधला ऊस तुम्ही काढलात?"

"मी? कशापायी?"

"ओळ फिरोजची चुकली असती, तर ती काढल्यावर तक्रार गेली असती. ती गेली नाही. 'माप माल' तसंच पडलंय, म्हणजे माप सुटलंच नाही. चेकर ओळी वरून खाली बघतो. माल ऊस आहे का, हे कळलं नाही तर पहिली ओळ लावत नाही, अन् नक्की ऊस नाही हे कळल्याशिवाय खालीही जात नाही. अडून बसतो. 'तोल'मध्ये ऊस लिहिलेला होता, आता नुसता माल आहे. काट्यावर ऊसच येणार, असं कोण धरून चाललंय?"

विजयसिंहांचा चेहरा उतरला.

"मोकळं केलं की घाटनांदूरलाबी चालंल वाटलं. ऊस तर सगळ्यांना ठावंच हाय... जाऊ दे. फिरोज, बस कामाला."

फिरोज बसला नाही.

"माहीत न्हाई म्हणून चेकर थांबला, सर. तुमी न्हाई थांबलात."

वैष्णवीनं रागारागानं ऊस परत लिहिला. प्रोग्राम चालू झाला, तोवर फिरोज जिना उतरून गेला होता.