डब्यात मावणारा समुद्र

समुद्र डब्यात मावतो का? तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच. पण चंद्रावरच्या वसाहतीत राहणाऱ्या जुईलीपुढे नेमकं हेच कोडं पडलं होतं, आणि ते सोडवायला तिच्या हातात एकच सकाळ होती.

तिचे आजोबा, हिराजी तांडेल, ध्वनिशास्त्रज्ञ होते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे बाहेर कसलाच आवाज नाही. ती शांतता माणसाला खायला उठते. म्हणून आजोबांनी घरातली अख्खी भिंत सिंथेसायझरने (विजेपासून आवाज घडवणाऱ्या यंत्राने) भरून टाकली होती. चाळीस सुटे भाग आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीबेरंगी तारा. रोज सकाळी त्यातून आजोबांच्या गावचा, करंजवेळचा समुद्र वाजायचा. कोकणातलं खरं करंजवेळ केव्हाच पाण्याखाली गेलं होतं.

आता आजोबांचा आवाज आजाराने नेला होता आणि औषधांनी हात टेकले होते. त्यांना निवांत कक्षात हलवलं होतं. तिथून कोणी घरी परत येत नाही, हे जुईलीला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळायचं ते कळलं होतं. चार दिवस आजोबांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला होता: समुद्र.

"उशाशी जेवणाच्या डब्याएवढी पेटी चालेल, पाच भागांची," कक्षातला यंत्रमानव ढब्बू म्हणाला. "सहावा लावलास तर वीज पुरणार नाही. दुपारी मी पेटी तपासून सील करणार. मग रडून उपयोग नाही."

मेला, जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं! जुईली घरच्या भिंतीतून आणलेले सुटे भाग पिशवीतून काढून कामाला लागली.

आधी तिने नॉइज (सगळे स्वर एकदम सोडणारा भाग) बसवला. पांढऱ्या उजेडात जसे सगळे रंग मिसळलेले असतात, तसे यात बारीक-जाड सगळे स्वर मिसळलेले असतात. कक्षभर चरचर झाली.

"हा समुद्र नाही," ढब्बू म्हणाला. "ही भजी तळताहेत."

"थांब की जरा." तिने फिल्टर (नको ते स्वर अडवणारी चाळणी) जोडला. बारीक स्वर गळून गेले आणि मागे खोल घुमारा राहिला. मग ऑसिलेटर (ठरावीक वेळाने वर-खाली होणारी वीज देणारा भाग) लावला. तो दर दहा सेकंदांनी चाळणी हळूहळू उघडायचा आणि मिटायचा. घुमारा चढू लागला, फुटू लागला, ओसरू लागला. लाट!

चौथा भाग आवाज मोठा करणारा. पाचवा कुठला लावायचा, याचा तिला विचारच करावा लागला नाही. प्रतिध्वनीचा. तो तिने आणि आजोबांनी मिळून बनवला होता. त्याच्या पाठीवर आजोबांनी सुईने कोरलं होतं, 'जुय आणि आजा'. त्याने लाटा कशा लांबवर पसरल्यासारख्या वाटत होत्या.

आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. नाही.

तिने आवाज वाढवला. नाही. कमी केला. नाही. आजोबांनी दोन्ही तळवे उचलून पुढे ढकलायला घेतले, मधेच थांबवले आणि तिच्याकडे पाहिलं. पुन्हा तेच केलं. ते काही सांगत होते आणि तिला कळत नव्हतं.

मग तिला आजोबांनी सांगितलेलं आठवलं. करंजवेळचे कोळी होडी घेऊन थेट पाण्यात घुसत नसत. काठावर उभं राहून लाटा मोजत. मोठ्या लाटा येऊन गेल्या की समुद्र थोडा दम खातो. होडी लोटायची ती तेव्हाच.

"ढब्बू, माझ्या सगळ्या लाटा सारख्याच आहेत," ती म्हणाली. "यात होडी लोटायची कधी?"

ढब्बू पहिल्यांदाच जरा हळू बोलला. "समुद्रात वेगवेगळ्या वेगाच्या लाटा एकाच वेळी असतात. दोघींचे उंचवटे एकत्र आले की मोठी लाट. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की दोघी एकमेकींना पुसून टाकतात."

म्हणजे दुसरा ऑसिलेटर हवा, दहाऐवजी बारा सेकंदांचा. जुईलीने बोटांवर हिशोब मांडला. दहाच्या सहा लाटा म्हणजे साठ, बाराच्या पाच लाटा म्हणजेही साठ. दोघी मिनिटाला एकदा एकत्र येणार आणि बरोबर मधे, तिसाव्या सेकंदाला, एकमेकींच्या उलट जाणार. तीच ती उसंत.

पण कप्पे पाचच होते.

तिने प्रतिध्वनीच्या भागावरून बोट फिरवलं, तो उपसून काढला आणि खिशात टाकला. तिला रडू आलं, पण हात थांबले नाहीत. दुसरा ऑसिलेटर बसला. दोघांची वीज एकत्र होऊन चाळणीला मिळाली.

एक मोठी लाट आली. मग जरा लहान, मग आणखी लहान. मग समुद्र निवला. आजोबांचे तळवे चादरीवरून इंचभर पुढे सरकले.

"झोपले," ढब्बू म्हणाला.

ते दोन दिवस पोटभर झोपले. तिसऱ्या सकाळी जुईली आली तेव्हा ढब्बू दारातच उभा होता. "मोठ्या लाटा होऊन गेल्या," तो म्हणाला, "आणि मग गेले ते."

जुईली रिकाम्या खाटेशी खूप वेळ बसली. पेटी चालूच होती. ती बंद करायला तिने हात लावला, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "बाळ, यात आमच्या सड्यावरचा, त्या उघड्या कातळमाळावरचा वारा होईल का गं?"

जुईलीने डोळे पुसले. ढब्बूने पुढे होऊन पेटीचं सील काढलं. सगळे स्वर तर पेटीत होतेच. त्यांतले कुठले वगळायचे, एवढंच ठरवायचं होतं.

"होईल, आजी," ती म्हणाली. "तो कसा वाहायचा, ते मला नीट सांगा."