रिठ्याचा फेस

तो पहिल्यांदा आमच्या दारात आला, तो फेस मागायला.

त्र्याहत्तरचा वैशाख होता. शेवगावच्या पुढं आमचं गाव, आणि गावात विहिरींचे नुसते खड्डे उरलेले. सरकारनं बोअर पाडायचं मशीन पाठवलं, तेही मोजून चार दिवसांसाठी. पाचव्या दिवशी ते पुढच्या गावाला जाणार होतं. पहिल्याच सकाळी शंभर फुटांवर मशीनचा दम गेला. इंजिन काळाकुट्ट धूर ओकू लागलं आणि हवेच्या दाबाचा काटा काही वर चढेना.

"साबण नसेल, तर रिठा आहे का?" मशीनचा फिटर दारात उभा राहून विचारत होता. "हवा कुठून निसटते ते बघायचंय. फेस लावला की तिथं बुडबुडा येतो."

मी श्रीमंत लोहाराची चांगुणा. बाप नावाचाच श्रीमंत. तेव्हा अठरा वर्षांची होते आणि जिभेला हाड नव्हतं. "प्यायला पानी न्हाई, आन तुमाला फेस पायजे व्हय?" मी म्हटलं. तो खाली बघून हसला... आणि मी पेलाभर पाण्यात रिठे चोळायला बसलेसुद्धा.

गोरक्ष त्याचं नाव. नगरला लष्कराच्या गाड्यांवर हात बसलेला, पण मूळचा पाथर्डीकडच्या लोहाराचाच. हे मी बापाकडून हळूच काढून घेतलं. मशीनच्या इंजिनाला टर्बो होता, आणि तो त्यानं मला आमच्या भात्यावरून समजावला. धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. ती हवा वाटेत निसटली की इंजिन धापा टाकतं, आणि खाली खडक फुटत नाही.

मला समजलं. जरा जास्तच समजलं. भाता गळायला लागला की बाप मला गाल ओला करून जवळ न्यायला सांगायचा. त्या दुपारी पेला परत घ्यायला मी वाकले, इंजिन चालू होतं, गालावर घाम होता... आणि टर्बोपासून निघणाऱ्या रबरी नळीच्या वळणाखालून गरम वारा गालाला लागला.

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, "उद्या पुन्हा लागेल फेस. आणाल ना?"

मी तोंड मिटलं. नळी बांधली की मशीन चालणार, पाणी लागणार, आणि तो जाणार. एका दिवसानं काय बिघडतंय, असं मी मनाशी म्हटलं. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्रत्येक जोडाला फेस लावला, फक्त ते वळण सोडून. मला हसू आलं. एवढा शहाणा फिटर, आणि नेमकी तीच जागा चुकवतो.

"बुडबुडा येईना. तुमचा रिठाच लबाड दिसतोय," तो म्हणाला.

"रिठा न्हाई... हात लबाड हायेत."

तो चमकला, मग कानापर्यंत लाल झाला. त्यानं हवेची जाळी उघडली, पुसली, परत बसवली. टर्बोचं चक्र बोटानं फिरवून पाहिलं. पाना देताना त्याच्या हाताचं काळं ऑइल माझ्या मनगटाला लागलं. तो डाग मी धुतला नाही. धुवायला पाणी नव्हतंच म्हणा. तिसरा दिवसही असाच गेला. मला तो आवडला होता, इतका की रोज रात्री मी "उद्या सांगू" म्हणून गाढ झोपत होते.

चौथ्या दिवशी दुपारी शेजारच्या गोजरबाईनं मला हाक मारली. पाण्याला पहिला नंबर लागावा म्हणून ती रिकामी घागर घेऊन चार दिवस मशीनजवळ बसून होती. "पोरी, तुज्याशी बोलतोय त्यो. इचार की, कवा सुरू व्हनार? नातू निपचित पडलाय माजा."

मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. "नळीच्या वळनाखाली फट हाय."

त्यानं काही विचारलं नाही. फेससुद्धा लावला नाही. भात्याचं जुनं कातडं आणि तार मागितली, अर्ध्या तासात नळी बांधली. धूर विरळ झाला, काटा चढला. दिवस मावळायला ओला गाळ वर आला. पाणी अजून खालीच होतं, तरी बायांनी तो कपाळाला लावला.

सकाळी मशीन पुढं न्यायला सरकारी साहेबांची जीप आली. सरपंच रंगनाथरावांनी एक दिवस मागितला, हात जोडून. पुढची तीन गावं वाट बघतायत, साहेब म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. पाइप उपसले गेले, भोकावर दगड ठेवला गेला.

निघण्याआधी गोरक्ष भात्यापाशी आला. बाप बाहेर होता. "चांगुणा... फट मला पहिल्याच दिवशी सापडली होती. माझाही बाप भात्यावरच बसायचा." तो थांबला. "वाटलं, एक दिवस... फक्त एकच दिवस जास्तीचा."

मला आधी आनंद झाला. खरं तेच सांगते. मग उमजलं. आम्ही दोघांनी, एकमेकांना न सांगता, गावाचे तीन दिवस खाल्ले होते.

"मी तुझ्या वडिलांना मागणी घालतो," तो म्हणाला. "ह्याच महिन्यात."

मला हो म्हणायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

"माज्या हळदीचं पानी ह्याच बाया डोक्यावरून आनतील," मी म्हणाले. "त्या पान्यानं मला न्हाता यायचं न्हाई. तुमी जावा."

त्यानं उरलेली तार भात्यापाशी ठेवली. मग गेला.

पुढच्या गावाला दुसऱ्याच दिवशी पाणी लागलं. चार मैलांवर. आम्ही सगळ्या रोज तिथंच जाऊ लागलो. तो तिथून कधीच पुढं निघून गेला होता. वाटेत बाया एकमेकींना विचारत, मशीन नेमकं आपल्याच गावात का रुसलं असेल. कुणी नशिबाला बोल लावी, कुणी देवाला. मी त्यांच्यामधूनच चालत असे, आणि माझं नाव कुणी घेत नसे.