जिंकलो की सांगतो

मी अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये गेले ती चहामुळे.

एप्रिल १९९४. क्योतोतल्या कॉलेजचा माझा चौथा दिवस. एकाएकी पाऊस आला आणि छत्री नव्हती, म्हणून समोर दिसलेल्या पहिल्या तंबूत मी शिरले. आत मानच नसलेली पाच-सहा मुलं उभी होती. डोकं थेट खांद्यांवर. एकाने अदबीने वाकून गरम चहा दिला, दुसऱ्याने वही पुढे केली. मी सही केली. मला वाटलं, इथे चहा घेतला की सही करतात. नव्या देशात माणूस प्रश्न विचारत नाही, सही करतो.

तेवढ्यात सायकल ढकलत आणखी एक जण आत आला. चिंब भिजलेला, पापण्यांवरसुद्धा थेंब... आणि कॅरिअरला प्रेशर कुकर बांधलेला.

"पाच लिटरचा का हो?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"तीन," तो म्हणाला, आणि मग दचकला. "तुम्ही... मराठी?"

"ठाण्याची. ज्ञानदा."

"सत्यजित. इस्लामपूर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, माझ्या सहीकडे पाहिलं, आणि खाली स्वतःची सही ठोकली. चहा न घेताच. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या दारात दोन बिनमानेची मुलं उभी. हातात पोपटी ट्रॅकसूट, पाठीवर माझं नाव. मी टीमची मॅनेजर झाले होते. म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायच्या, घोट्यांना टेप गुंडाळायची आणि मॅचचं व्हिडिओ शूटिंग करायचं. जपानीत सभ्यपणे नकार द्यायला बरंच व्याकरण लागतं. मी पहिल्या धड्यात होते.

मैदानावर एक हेल्मेट माझ्याजवळ आलं आणि मराठीत बोललं.

"घोट्याला टेप लावता का?"

"तुम्हाला येतो हा खेळ?"

"समोरच्याला पाडायचं. शाळेत कबड्डी खेळायचो, तेच आहे. फक्त कपडे जास्त."

जूनपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. सप्टेंबरमध्ये, पहिल्या मॅचच्या सकाळी, मी त्याच्या घोट्याला टेप गुंडाळत होते. तो उगाचच आभाळाकडे बघत होता.

"ज्ञानदा... एक सांगायचंय."

"घट्ट झाली?"

"टेपचं नाही—" तो थांबला. कान लाल झाले. "नको. जिंकलो की सांगतो."

टीममध्ये सगळेच असं काहीतरी बोलले होते. कॅप्टन किताहारा-सानने पहिला विजय मिळेपर्यंत आईस्क्रीम सोडलं होतं. त्यामुळे मला वाटलं, दोन-तीन तासांचाच प्रश्न आहे.

आम्ही ४१–० हरलो.

दुसरी मॅच हरलो. तिसरी हरलो. तो घोटा पुढे करायचा, मी टेप लावायचे, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ते न सांगितलेलं वाक्य मांडी घालून बसलेलं असायचं.

"निदान विषय तरी सांग," मी म्हटलं.

"शब्द म्हणजे शब्द."

"तुला वापरायला दिलेली माझ्या कुकरची रिंग हरवलीस का?"

"ती आहे."

मग काय? डोळ्यांकडे बघून वाटायचं, तेच. पण त्याच डोळ्यांनी तो बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यातल्या कोलंबीकडेही बघायचा. मी पार गोंधळले. आणि सातवी मॅच झाली की सीझन संपणार, टेप संपणार, घोटा संपणार... मग तो मला भेटणार कशाच्या निमित्ताने?

चौथ्या पराभवानंतर मी ठरवलं. या लोकांना जिंकवल्याशिवाय मला काही कळणार नाही.

मी व्हिडिओच्या कॅसेट घेऊन बसले. खेळाचे नियम पुस्तकातून पाठ केले. समजले नाहीत, पण पाठ झाले. शेवटच्या मॅचमधल्या टीमचा बॉल फेकणारा खेळाडू लांब फेकण्याआधी बोटं चाटतो, हे मी अकरा वेळा रिवाइंड करून शोधून काढलं. शब्द येत नव्हता, म्हणून किताहारा-सानसमोर स्वतःची बोटं चाटून दाखवली. तो खूप वेळ गंभीरपणे बघत राहिला. मग म्हणाला, "भूक लागली आहे का?" तिसऱ्यांदा चाटल्यावर त्याला समजलं.

आणि नोव्हेंबरच्या त्या दुपारी चमत्कार झाला. चाळीस सेकंद उरले होते आणि आम्ही १४–१० ने पुढे होतो. समोरच्याने बोटं चाटली. आमचे सगळे मागे पळाले, बॉल कुणाच्यातरी हाताला लागून उडाला आणि थेट सत्यजितच्या कुशीत येऊन पडला.

आता फक्त खाली पडायचं होतं. बॉल छातीशी धरून जमिनीवर आडवं व्हायचं. मॅच संपली असती.

"पड!" मी कॅमेरा सोडून किंचाळले. "सत्या, पड!"

तो पडला नाही. तिघं जण अंगावर आले, तिघांनाही झटकून तो निसटला. आणि मग गर्रकन वळून उलटा धावत सुटला. आपल्याच बाजूला. मधली रेषा ओलांडली. बॉल हळूच खाली ठेवला. रेषेला हात लावून तो कपाळाला लावला, आणि दोन्ही हात वर करून हसत उभा राहिला.

समोरच्या टीमला तीन सेकंद काहीच कळलं नाही. चौथ्या सेकंदाला एकाने बॉल उचलला आणि गोल गाठला. त्यांना सात गुण. १७–१४.

सगळं संपल्यावर तो नळाजवळ हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. मी बाटल्या विसळायला घेतल्या. पाणी बर्फासारखं गार होतं.

"परत का आलास?"

"तीन गडी शिवले होते," तो पुटपुटला. "अंग आपोआप वळलं."

"मी पड म्हणून ओरडत होते!"

"पडलो असतो तर बाद झालो असतो ना..."

मी बाटली खाली ठेवली. "तीन गडी शिवून रेषेवर सुखरूप आलास. किती गुण?"

"तीन."

"आपले चौदा. अधिक तीन?"

त्याने मान वर केली. "सतरा. पण त्यांचेही सतराच..."

"बरोबरी. मग अर्धं सांग."

त्याने हेल्मेटमध्ये डोकावून पाहिलं, जणू आत लिहिलं होतं.

"तू सही केलीस, म्हणून मी केली. मला वाटलं, तुला हा खेळ आवडतो."

"मला? मी चहासाठी सही केली होती!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आठ महिने. सात पराभव. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट अजून सरळ होत नव्हतं.

"हे अर्धं झालं," तो म्हणाला. "उरलेलं... पुढच्या वर्षी. जिंकलो की."

"सत्या, मी सगळ्या कॅसेट बघितल्यात. आपण पुढच्या वर्षीही जिंकणार नाही."

"मग?"

"मग उरलेलं मी सांगते. मी मॅनेजर आहे, मला कुठे जिंकावं लागतं?"

आणि मी सांगितलं. ओल्या हातांनी, नळ तसाच वाहता ठेवून. त्याचे कान लाल झाले, मग मान, आणि मग तो हसत हसत मागे चिखलात पडला. आत्ता पडला.

येताना कोंबिनीच्या, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानाच्या बाहेर किताहारा-सान आईस्क्रीमच्या फ्रीजकडे बघत उभा होता. त्याने आमचे गुंफलेले हात पाहिले आणि काही न कळून विचारलं, "आपण हरलो ना?"

मी त्याला बोटांवर मोजून सगळा हिशेब समजावला. तीन गडी, तीन गुण, सतरा-सतरा. त्याने तो स्वतःच्या बोटांवर पुन्हा मोजून पाहिला. मग आत गेला, एक आईस्क्रीम घेऊन आला, बरोबर अर्धं खाल्लं आणि उरलेलं आम्हाला दिलं.