वाइलांची पाळी

श्टुटगार्टमधल्या त्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी दर आठवड्याला फिरे. ज्याची पाळी, त्याच्या दाराला लाकडी पाटी. रविवारी ती शेजारच्या दाराला अडकवून मोकळं व्हायचं. पाळी चुकवणाऱ्याची सगळ्या इमारतीत शोभा होई.

त्या सोमवारी पाटी भिंतीवर दिसली. तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी वाइल बहीण-भावाचं दार होतं तिथे. दार बुजवून गिलावा केल्याला पंचवीस वर्षं झाली होती. त्या भिंतीमागे आता गुडरूनची खोली होती. जन्मापासून ती तिथेच झोपत आली होती.

"काय गं, आता भिंतीलाही पाळी का?" खालच्या मजल्यावरचे केमलर हसले.

गिलाव्यात खिळा नव्हता. गुडरूनने पाटी काढून घरात ठेवली. सकाळी ती पुन्हा भिंतीवर, आणि जिना कोपऱ्यांसकट लख्ख. आठवडाभर हेच चाललं.

रविवारी कॉफीच्या वेळी तिने आईला, ओटिलिएला, विचारायचं ठरवलं. मनात आहे ते खरं निघालं, तर या घरात एक रात्रही काढायची नाही, हेही ठरवलं.

"आई, वाइल परदेशी गेले म्हणायचीस. खरं काय?"

"आधी केक घे."

"आई!"

ओटिलिएने सुरी पुसली. "सगळे तसंच समजत होते. ज्यूंची धरपकड चालू होती, घराला कुलूप. पण त्यांची पाळी आली आणि जिना झाडलेला! लपून बसले होते, तरी पाळी चुकवायला मन धजेना. त्यातल्या बहीण, रोझाली, शिस्तीच्याच होत्या पहिल्यापासून."

"मग?"

"मग काय? पोलिसांना सांगितलं. तू पोटात होतीस, जागा पुरत नव्हती."

गुडरून वाट बघत राहिली. राग येईल, रडू येईल. काहीच आलं नाही. कॉफी निवतेय, एवढंच मनात आलं. आपल्याला काहीच कसं वाटत नाही याची तरी भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

तिच्या खोलीतून सरसर आवाज येऊ लागला. झाडूचा.

पलंगाखालून. उंबऱ्यावरून. मेजाकडे.

दिसत कोणीच नव्हतं.

ओटिलिएने खाली न बघताच दोन्ही पाय वर उचलले, कोणी झाडत आलं की उचलतो तसे.

"पाय घे गं वर," ती म्हणाली. "खोळंबल्यात त्या."

गुडरूनने केकचा तुकडा तोंडात टाकला आणि पाय वर घेतले.