पाच मोजेपर्यंत

दादाची एकसष्टी झाली आणि मी त्याच्याच मुलीकडे अक्षरं गिरवू लागले, त्या वर्षीची ही गोष्ट.

भाची शाळेत शिक्षिका. तिचं प्रशिक्षण निघालं होतं... चार आठवडे मोबाईलवर, शेवटचे दोन दिवस समोरासमोर. आपल्या पाठाचा व्हिडिओ पाठवायचा आणि जोडीदाराने त्यातली चूक सांगायची. सुट्टीत विद्यार्थी कुठला मिळणार? तिने मलाच बसवलं.

तिच्या जोडीला दुसऱ्या गावचे एक मास्तर होते. त्यांनी लिहिलं, 'मॅडम, प्रश्न तुम्हीच विचारता, उत्तरही तुम्हीच देता. आत्यांना पाच मोजेपर्यंत तरी वेळ द्या.'

"आगाऊ मेला!" भाची फणफणली. पण त्यांची चूक शोधायला त्यांचा व्हिडिओ तीन-तीनदा बघू लागली.

खोड बापाची होती. दादा विचारायचा, "चहा घेतेस? नको? बरं." तिच्यासाठी आणलेल्या स्थळाचंही तसंच. "पसंत आहे ना? असणारच!" रविवारी होकार कळवायचा होता. प्रशिक्षण शनिवारी संपणार होतं.

शेवटच्या दिवशी तोच पाठ सगळ्यांसमोर घ्यायचा म्हणून मीही गेले. मधल्या सुट्टीत बाकावर मी मधे, दोघं दोन बाजूंना.

"व्हिडिओत उंच दिसता," भाची म्हणाली.

"मोबाईल खाली ठेवला होता. तुम्ही रागीट दिसता."

"आणि आता?"

"आता... मधे आत्या आहेत. कसं सांगू?"

मग त्यांनी सांगितलंच. "मॅडम, माझ्याशी लग्न कराल?"

आणि थांबले. गुडघ्यावर एकेक बोट उघडत गेलं. पाच झाली. दुसरा हात सुरू झाला. माझ्या चहावर साय धरली.

"अगं, दहा झाले!" मी म्हटलं.

"आत्या, तू थांब गं! मी एक मोजलं तेव्हाच हो म्हटलं होतं... मनात. किती थांबतात ते बघत होते."

घरी दादा उसळला. "एका घरात दोन-दोन मास्तर? चालेल का? नाही चालणार!"

"बाबा, पाच मोजा."

त्याने दात-ओठ खात मोजले. "...पाच. बोल!"

ती बोलली. तो जन्मात पहिल्यांदा ऐकत बसला. हिवाळ्यात लग्न झालं.

पुढे दादा आजारी पडला, तेव्हा दवाखान्यात त्याने तिला विचारलं, "सुखी आहेस ना?" आणि चादरीवर बोटं उघडत थांबला. तिला रडू आवरेना, वेळ लागला. तरी थांबला. "हो, बाबा," ऐकलं तेव्हाच हात खाली ठेवला.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, शाळेच्या परीक्षा संपल्या त्या शुक्रवारी दादा गेला.